भास्कराचार्यांचे चार त्रिकोण

भीमेच्या काठचा अफजलपूर तालुका गोमंतकीयांना परिचित आहे तो गाणगापूरमुळे. भीमा-अमरजा संगमाकडे निघालेल्या दत्तभक्तांची वाट याच तालुक्यात येऊन पोहोचते. नकाशावर विजापूर आणि बिदर ही दोन शहरे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा जवळजवळ अफजलपूर गावावरूनच जाते. भारतीय गणिताच्या इतिहासात या रेषेला एक निराळेच महत्त्व आहे. बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांचे गाव कोणते, या प्रश्नाला आजवर जी उत्तरे दिली गेली, त्यांतले एक या रेषेच्या एका टोकाला आहे आणि दुसरे दुसऱ्या टोकाला.

स्वतः आचार्यांनी आपल्याविषयी थोडे पण नेमके सांगून ठेवले आहे. जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४. गोत्र शांडिल्य. पिता महेश्वर, आणि तेच गुरू. गाव विज्जडविड, सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले. हे विज्जडविड म्हणजे विजापूर, असे नामसादृश्यावरून अनेकांनी मानले. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला, तेव्हा ग्रंथकर्त्याचे गाव दख्खनमधील बिदर असल्याचे त्याने नोंदवले. कल्याणहून, म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणहून, राज्य करणारा कलचुरी राजा बिज्जल याच्या नावाशीही या गावाचे नाव जुळते असे काहींना वाटले. पण या तर्कांना सह्य पर्वताची अट आडवी येते. भीमेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या रानातून सह्याद्री दिसत नाही. खानदेशात चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत असलेल्या पाटण या गावी आचार्यांच्या वंशजांचा शिलालेख सापडला आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. त्या लेखाची हकिगत पुढे येईलच.

गाव कोणतेही असो, प्रदेश मात्र निश्चित आहे. आचार्यांचा जन्म झाला तेव्हा कल्याणचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य राज्य करीत होता, आणि आजचा मराठी व कन्नड मुलूख एकाच छत्राखाली होता. गणिताला ही भूमी नवी नव्हती. अफजलपूर ज्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैन आचार्य महावीरांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला होता. भास्कराचार्यांच्या घरात तर विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. त्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सन ११५० मध्ये, आचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचे चार भाग. पैकी पहिले दोन स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच नांदले. पद्यात रचलेले सूत्र, मागोमाग उदाहरण, आणि आचार्यांचे स्वतःचे विवरण, अशी त्यांची मांडणी आहे. सूत्र पाठ करून विद्यार्थ्याची सुटका होणार नाही, याची तजवीज उदाहरणांत केलेली दिसते.

‘लीलावती’तील क्षेत्रव्यवहाराच्या प्रकरणात बत्तीस हात उंचीचा एक वेळू आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकतो. वेळू किती उंचीवर मोडला, असा प्रश्न आहे. उत्तर बारा हात. उरलेला वीस हातांचा तुकडा मोडलेल्या जागेभोवती फिरत खाली आला आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण बनला. पुढे तळ्यातले कमळ येते. त्याची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वारा आला, देठ कलले आणि कळी दोन हात अंतरावर पाण्यात बुडाली. तळ्याची खोली पावणेचार हात आणि देठाची लांबी सव्वाचार हात निघते. इथे देठ मुळाभोवती फिरले आहे. दोन्ही उदाहरणांचा प्राण एकच आहे. वस्तू एका बिंदूभोवती फिरली, तिची दिशा पालटली, पण लांबी तसूभरही बदलली नाही. हे जाणवले नाही तर गणित मांडताच येत नाही. जाणवले की उरते ती केवळ आकडेमोड. आचार्यांनी भ्रमणाचा वेगळा धडा लिहिलेला नाही. वेळू आणि कमळ यांच्याकडूनच त्यांनी तो शिकवला.

जे फिरवल्याने बदलत नाही ते दाबल्याने मात्र बदलते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले आणि ते सांगताना त्यांचा स्वर तिखट झाला. केवळ चार बाजूंची मापे देऊन चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा, आणि तेवढ्यावरून ते सांगू पाहणारा, अशा दोघांनाही त्यांनी पिशाच ठरवले आहे. पूर्वसूरींवरची ही टीका कठोर असली तरी मुद्दा बिनतोड आहे. तीन काठ्या टोकांशी बांधल्या की त्रिकोण पक्का बसतो. चार काठ्यांचा चौकोन कोपऱ्यांतून दाबता येतो. बाजू त्याच राहतात आणि आतली जागा आकसत जाते. आचार्यांनी प्रत्येक बाजू पंचवीस असलेला चौकोन घेतला. त्याचा एक कर्ण तीस धरला तर दुसरा चाळीस येतो आणि क्षेत्रफळ सहाशे भरते. एक कर्ण चौदा धरला तर दुसरा अठ्ठेचाळीस, आणि क्षेत्रफळ तीनशे छत्तीस. चारही कोन काटकोन केले की तेच क्षेत्रफळ सहाशे पंचवीस होते. बाजू तिन्ही वेळा पंचवीसच.

हा पंचवीसचा आकडा ‘बीजगणिता’त पुन्हा भेटतो. तिथे काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा पंधरा आणि वीस दिल्या आहेत. कर्ण विचारला आहे, आणि त्याबरोबर ज्या रीतीने कर्ण काढतात तिची उपपत्तीही मागितली आहे. आज शाळेत पायथागोरसचे प्रमेय म्हणून जे शिकवले जाते त्याची सिद्धता द्या, असाच हा प्रश्न आहे. आचार्यांनी ती दोन प्रकारे दिली, आणि दोन्हींत त्रिकोण फिरवलेला आहे.

पहिल्या प्रकारात त्रिकोण कर्णावर निजवला आहे. म्हणजे कर्ण ही भूमी झाली. वरच्या काटकोनातून भूमीवर लंब टाकला की मोठ्या त्रिकोणाच्या पोटात दोन लहान त्रिकोण तयार होतात. दोघेही मोठ्याचीच प्रतिरूपे आहेत. फक्त मापाने लहान आणि निराळ्या दिशांना तोंड केलेले. त्रैराशिकाने भूमीचे नऊ आणि सोळा असे दोन तुकडे निघतात, आणि त्यांची बेरीज पंचवीस. दहावीच्या पुस्तकांत समरूप त्रिकोणांच्या आधारे जी सिद्धता शिकवली जाते, ती हीच. मुले अडखळतात तीही इथेच. फळ्यावर काटकोन त्रिकोण बहुधा एकाच ठेवणीत काढला जातो : आडवा पाया, उभी बाजू आणि कोपऱ्यात काटकोनाची खूण. तोच त्रिकोण कर्णावर आडवा पडला की अनेकांना तो काटकोन त्रिकोण वाटेनासा होतो. मग कोणता कोन कोणाशी जुळतो याचा घोळ होतो आणि प्रमाणे उलटीसुलटी लिहिली जातात. चूक गुणाकार-भागाकारात नसते; आकृती फिरली तरी ती तीच आहे, ही ओळख पटलेली नसते.

दुसरा प्रकार अधिक प्रसिद्ध आहे, आणि त्यासाठी पुठ्ठा व कात्री घेऊन बसावे हे उत्तम. पंधरा आणि वीस भुजांचे चार सारखे त्रिकोण कापावेत. एक त्रिकोण ठेवावा. दुसरा पाव फेरा फिरवून त्याच्या शेजारी असा लावावा, की एकाची लांब भुजा दुसऱ्याच्या आखूड भुजेला चिकटून पाचाने पुढे उरेल. तिसरा आणखी पाव फेरा फिरवून, चौथा आणखी पाव फेरा. चारही कर्ण बाहेरच्या बाजूला येतात आणि त्यांचा एक मोठा चौरस तयार होतो. मध्यभागी एक लहान चौरस रिकामा राहतो. त्याची बाजू दोन भुजांमधील फरकाइतकी, म्हणजे पाच. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ दीडशे, चारांचे सहाशे, मधल्या चौरसाचे पंचवीस. एकूण सहाशे पंचवीस, म्हणून कर्ण पंचवीस. संपूर्ण आकृती तिच्या मध्याभोवती पाव फेरा फिरवली तर ती जशीच्या तशी दिसते.

याच चार त्रिकोणांचा, चारही काटकोन मध्याशी आणून, मघाचा समभुज चौकोनही करता येतो. तीस आणि चाळीस कर्णांचा, सहाशे क्षेत्रफळाचा. तिथे मध्ये भोक उरत नाही. पुठ्ठ्याची एक बाजू रंगीत असेल तर यातला भेद चटकन ध्यानात येतो. समभुज चौकोन करताना दोन त्रिकोण पालथे घालावे लागतात, आणि त्यांची बिनरंगी बाजू वर येते. चौरस करताना एकही पालथा घालावा लागत नाही. चारही नुसते फिरतात. बाहेरच्या बाजू दोन्हीकडे पंचवीसच, पण क्षेत्रफळांत अंतर पंचवीसचे, आणि ते मधल्या भोकाएवढे. फिरवणे वेगळे आणि उलटणे वेगळे, हे समजावण्यासाठी इतके सोपे साधन क्वचितच सापडेल.

आकडेमोड बाजूला ठेवूनही ही आकृती बोलते. मोठ्या चौरसात समोरासमोर असलेले दोन त्रिकोण एकमेकांपासून अर्धा फेरा फिरलेले असतात. म्हणून त्यांतला एक न फिरवता नुसता सरकवत दुसऱ्याच्या कर्णाला भिडवला की आयत तयार होतो. दुसऱ्या जोडीचेही तसेच करावे. एक आयत उभा, एक आडवा, आणि जोडीला पाचाचा लहान चौरस. उभ्या आयताशेजारी आडवा ठेवून, आडव्याच्या आतल्या टोकावर तो लहान चौरस बसवला, की वीस बाजूचा एक आणि पंधरा बाजूचा एक असे दोन चौरस शेजारी उभे राहतात. कर्णावरचा चौरस डोळ्यांदेखत दोन भुजांवरच्या चौरसांत विरघळतो. त्यात काही वाढले नाही आणि काही हरवलेही नाही. पंधरा-वीसच्या जागी कोणत्याही भुजा घेतल्या तरी हेच घडते.

ही आकृती काढून आचार्यांनी खाली ‘पाहा’ एवढा एकच शब्द लिहिला, अशी कथा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून फार फिरली. कथा गोड आहे. पण ‘बीजगणिता’त हा विषय रीतसर उदाहरण देऊन, आकडे मांडून आणि विवरण करून आलेला आहे. एका शब्दावर शिष्याला वाऱ्यावर सोडणारा हा गुरू नव्हता. या आकृतीवर भारताचाच एकाधिकार सांगण्याचेही कारण नाही. चीनमध्ये तिसऱ्या शतकातील झाओ श्वांग याने अशाच चार त्रिकोणांची आकृती दिलेली आहे. ग्रीक परंपरेतील युक्लिडची सिद्धता दिसायला अगदी वेगळी, बिंदूंच्या नावांनी आणि रेषांच्या जाळ्याने भरलेली. पण तिच्यातले जे दोन त्रिकोण एकरूप ठरवले जातात, त्यांतला एक दुसऱ्याला पाव फेरा फिरवूनच मिळतो. पाठ्यपुस्तके हे सांगत नाहीत. सांगितले असते तर ती सिद्धता पाठ करण्याची वेळ पुष्कळ मुलांवर आली नसती.

फिरण्याचे आकर्षण आचार्यांना ‘गोलाध्याया’तही सोडत नाही. आरे पोकळ ठेवून त्यांत पारा भरलेले, आपोआप फिरत राहणारे एक चाक त्यांनी वर्णिले आहे. असे चाक प्रत्यक्षात अखंड फिरणे शक्य नाही, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मोठ्या बुद्धीची ही एक हौस म्हणून तिच्याकडे पाहावे. त्याच ग्रंथमालेत गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मध्यवर्तुळाच्या चौपट असते हे अचूक दिलेले आहे, आणि ते पटवताना चेंडूवर ओढलेल्या जाळीची उपमा योजली आहे.

‘लीलावती’ हे नाव आचार्यांच्या कन्येचे, तिचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडून टळला, आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला, ही सर्वतोमुखी असलेली कथा फैजीच्या प्रस्तावनेतून पसरली. आचार्यांच्या ग्रंथात ती नाही. ग्रंथातील संबोधने कुठे बालिकेला आहेत, कुठे मृगाक्षीला, तर कुठे मित्राला. त्यांवरून एखादे चरित्र उभे करणे धाडसाचे होईल. चरित्राचा पक्का धागा पुन्हा हाती येतो तो ११८३ मध्ये. त्या वर्षाच्या आधाराने, एकोणसत्तरीच्या घरात, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगकर्त्यांच्या उपयोगाचा सुटसुटीत ग्रंथ रचला. तेहेतीस वर्षांपूर्वीच्या महाग्रंथानंतर व्यवहारातल्या माणसासाठी सोपे पुस्तक लिहावेसे त्यांना वाटले, हे त्यांच्या स्वभावाशी जुळते.

तोवर काळ पालटत होता. कल्याणची सत्ता खिळखिळी झाली आणि देवगिरीचे यादव पुढे आले. आचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी गेला. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने पाटण येथे एक मठ स्थापन केला. त्याचा हेतू एकच होता : आपल्या आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ तिथे शिकवले जावेत. स्थानिक निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये मठाला दान दिले आणि ते शिळेवर कोरले गेले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, त्यात घराण्याची वंशावळ येते. पण मठासाठी व्यापारातून काय द्यायचे, हा व्यवहाराचा भाग आला तेव्हा लेख मराठीत उतरला. देणाऱ्यांना तो कळणे आवश्यक होते. एका गणितग्रंथाच्या अध्यापनासाठी बाजारपेठेवर बसवलेली पट्टी जुन्या मराठीत नोंदलेली असावी, हे मराठी वाचकाला अभिमानास्पदच वाटावे.

मठ राहिला नाही, पण ग्रंथ राहिले. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि आचार्यांची आकृत्या कापून फिरवण्याची रीत पुढे नेली. वर्तुळाचे दोन अर्ध करायचे, प्रत्येकाच्या मध्यापासून परिघापर्यंत सुईसारख्या टोकदार फाका पाडायच्या, आणि एक अर्ध दुसऱ्यात उलट्या दिशेने, दातात दात घालावेत तसे, बसवायचे. वर्तुळाचा जवळजवळ आयत होतो. त्याची लांबी परिघाच्या निम्मी, रुंदी त्रिज्येइतकी. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र शिकवताना हाच कागदी प्रयोग आजही वर्गांत केला जातो. १८१७ मध्ये कोलब्रुक याने ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ इंग्रजीत नेले, आणि चार त्रिकोणांची ती आकृती युरोपच्या पुस्तकांत शिरली.

पाटणची शिळा मात्र अजून विस्मृतीतच होती. ती विद्वज्जगासमोर आणली पेडण्यातील मांद्रे गावी जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईत नामांकित डॉक्टर असलेले भाऊ दाजी शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्या शोधात सतत असत. १८६५ मध्ये प्राचीन ज्योतिर्विदांच्या कालनिर्णयावर त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पाटणच्या भवानीमंदिरातील या लेखाची माहिती आली. त्रिविक्रम, त्याचा पुत्र विद्यापती भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव, अशा नऊ पिढ्यांची नावे साडेसहाशे वर्षांनी एका गोमंतकीयाच्या हातून पुन्हा उजेडात आली.